सेल आहे, बॅटरी पाहिजे

लोक आधी बॅटरी, म्हणजे हातातली टॉर्च, घेतात आणि मग तिच्यात कुठले सेल बसतात ते बघतात. आमच्याकडे उलटं झालं. सेल आधी आले. बटणं चांगली मिळाली म्हणून त्यांना शोभेलसा शर्ट शिवायला टाकावा, तसा मी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सेलच्या मापाची बॅटरी शोधत हिंडतोय.

सेल आले ते भाचीच्या लॅपटॉपमधून. भाची लातूरला नीटची तयारी करते. ज्या गावात एवढी पोरं डॉक्टर व्हायला येतात, तिथले लॅपटॉप दुरुस्त करणारेही तज्ज्ञच असणार. त्या तज्ज्ञाने लॅपटॉपच्या पोटातला काळा डबा उकलला. आत सहा सेल जोडीजोडीने झोपले होते. प्रत्येकाला मीटर लावून त्याने निदान सांगितलं, "एकच जोडी गेलीय. पण एक गेली की सगळा पॅक गेला. बाकीचे चार ठणठणीत आहेत, फेकू नका. एखाद्या बॅटरीत घाला." एवढं बोलून त्याने चार सेल माझ्या हातावर ठेवले आणि नव्या पॅकचे पैसे घेतले. फुकटात मिळालेली वस्तू माणसाला केवढ्या खर्चात पाडते, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नसावं.

सेलवर बारीक अक्षरांत 18650 असा आकडा होता. हे त्याचं माप. पहिले दोन आकडे म्हणजे जाडी, 18 मिलिमीटर. पुढचे दोन म्हणजे लांबी, 65 मिलिमीटर. शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल नळीसारखा आहे, चपटा नाही. एखाद्याच्या नावातच त्याची उंची आणि कमरेचा घेर असावा, इतकी प्रामाणिक पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही. या जातीचा लिथियम आयन सेल पहिल्यांदा बाजारात आणला जपानच्या सोनी कंपनीने, 1991 साली. ज्यांच्या संशोधनावर तो उभा राहिला त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. टेस्लाच्या रोडस्टर या पहिल्या मोटारीत 18650 मापाचेच 6,831 सेल बसवले होते. सहा हजार आठशे एकतीस सेलना एक मोटार मिळाली. माझ्या एका सेलला एक बॅटरी मिळेना.

सुरुवात गंजगोलाईपासून केली. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. म्हणजे एका रस्त्यावर वस्तू मिळाली नाही तरी पंधरा रस्ते उरतात, आणि गिऱ्हाईक लवकर निराश होत नाही. पहिल्याच दुकानात मी छाती पुढे काढून म्हणालो, "अठरा सहाशे पन्नासची बॅटरी दाखवा."

दुकानदाराने मला वरून खाली न्याहाळलं. "एवढ्या किमतीची आपल्याकडं नाही, साहेब. साडेतीनशेपर्यंतची दाखवतो."

"किंमत नाही हो, सेलचा नंबर."

"सेल कशाला लागतोय? ही घ्या, चार्जिंगची. भिंतीला लावायची, सकाळी काढायची."

"आतला सेल संपला तर?"

"तर दुसरी घ्यायची."

"दुसरा सेल?"

"दुसरी बॅटरी!"

चार्जिंगच्या बॅटऱ्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्याने दोन शब्दांत सांगितलं. मागून दोन पिना बाहेर येणारी ही प्लास्टिकची जात मराठवाड्यात घरोघरी आहे. तिच्या पोटात बहुतेकदा चार व्होल्टची शिशाची बॅटरी असते, आणि शिशाच्या बॅटरीला उपाशी ठेवलेलं खपत नाही. आपण ती उन्हाळ्यात वापरतो, पावसाळाभर कपाटावर विसरतो आणि ऐन दिवाळीत काढली की ती काजव्याएवढा उजेड दाखवून डोळे मिटते. उघडायला स्क्रू नाही, बदलायला सेल नाही. अशा प्रत्येक घरात कपाटावर तीन-चार मेलेल्या बॅटऱ्या असतात. कधीतरी दुरुस्त होईल म्हणून कुणी फेकत नाही.

मग नांदेड. इतवाऱ्यातल्या दुकानात मी शहाणपणाने आकडा उच्चारलाच नाही, "लिथियमच्या सेलची छोटी बॅटरी" एवढंच म्हणालो. म्हातारे चाचा गादीवरून न हलता म्हणाले, "साब, नाम से कुछ होता नै. सेल लाये क्या? दिखाओ." मी दाखवला. त्यांनी तो अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवला आणि एकेक बॅटरी उघडून त्यात घालून बघू लागले. एकीत शिरेना. ती पेन्सिल सेलची होती. दुसरीत शिरला, पण आत इकडून तिकडे खडखडत फिरू लागला. ती 26650 ची, म्हणजे आठ मिलिमीटरने ढगळ. चाचांनी समोर पडलेली एसटीची तिकिटं गोळा केली, सेलला गुंडाळली, आत कोंबलं आणि बटण दाबलं. लागली! "फिट," ते म्हणाले. मी चालायला लागताच विझली. "चलते टैम हिलाओ नक्को," त्यांनी सल्ला दिला. अंधारात न चालता वापरायची बॅटरी मी घेतली नाही. पण नंबर न विचारता सेल हातात घेऊन बघणारा दुकानदार मला दोन्ही जिल्ह्यांत हाच एक भेटला, म्हणून त्यांच्याकडून एक जादा चार्जर घेऊन आलो.

बायकोचं मत पहिल्यापासून एकच आहे. "मोबाईलला आहे की बॅटरी." ती लातूरची. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा 2009 सालचा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही, त्यात आता बॅटरीची भर पडली. मोबाईलची बॅटरी ही बॅटरी नव्हेच. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, आणि नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो. उजेड कानाला लागतो आणि पायाखाली अंधार होतो. शिवाय मोबाईल विहिरीत पडला तर माणूस मागे उडी घ्यायचा विचार करतो. बॅटरी पडली तर फक्त हळहळतो.

आमच्या लहानपणी हा घोळच नव्हता. सेल एकाच मापाचा, जाडजूड, मनगटाएवढा, एव्हरेडीचा. बॅटरी दोन सेलची की तीन सेलची, एवढाच प्रश्न आणि त्याचं उत्तर घरच्या ऐपतीत. वडिलांकडे चकचकीत पितळी बॅटरी होती. मागच्या झाकणात जादा बल्ब, आणि पुढचं तोंड पिळलं की उजेडाचं वर्तुळ लहान-मोठं व्हायचं. सेल संपत आले की ते उन्हात ठेवायचे, पापडांच्या शेजारी. उन्हाने सेल खरंच थोडे जागे होतात, आणि मराठवाड्यात ऊन कमी पडल्याची तक्रार कुणी केलेली नाही. अगदीच संपले की फोडून आतल्या काळ्या मसाल्याने शाळेची पाटी काळी करायची. त्या काळी प्रकाश गेल्यावरही सेल शिक्षणाच्या उपयोगी पडत होता. आज कुणी हे करू नये. आणि लिथियमच्या सेलवर तर अजिबात करू नये, तो फोडला की पेट घेतो.

लातूरकडची माणसं उशाला बॅटरी ठेवतात, त्यामागे मात्र गंमत नाही. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती. पुढे कित्येक महिने लोक अंगणात, शेतात झोपले. सासरे अजूनही झोपताना आधी उशाखाली हात घालून बघतात. त्यांची बॅटरी दोन जाड सेलची आहे आणि तिच्याबद्दल मी कधी मत दिलेलं नाही.

खरी परीक्षा मेहुण्याने घेतली. त्याची शेती औशाकडे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला प्रत्येकी दोन, असे चार मुख्यमंत्री दिले. शेतीची लाइट मात्र अजून बऱ्याच ठिकाणी रात्रीच येते. रात्रीची पाळी लागली की माणूस मोटार चालू करून दारं धरायला निघतो. एका सरीचं तोंड मोडायचं, दुसरीचं बांधायचं. हातात खोरं, पायाखाली चिखल, उसात रानडुक्कर आणि धुऱ्यावर मण्यार. अशा माणसाला बॅटरी विकायची तर कंपनीच्या पत्रकाचा उपयोग नाही.

"दाजी, किती लांब मारती, तेवढंच सांगा."

मी वाचून दाखवलं. एका बॅटरीच्या डब्यावर दोनशे मीटर लिहिलं होतं. हे मीटर कसे मोजतात, तेही मी त्याला समजावलं. 2009 साली अमेरिकेत ठरलेल्या मानकाप्रमाणे, बॅटरीचा उजेड कमी होत होत जिथे पाव लक्स उरतो, तिथवर तिचा पल्ला धरतात. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं.

मेहुणा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "म्हंजे दोनशे मीटरवर पुनवेएवढा उजेड पडतोय, आसंच की? मग पुनवेला बॅटरी लागतीच कशाला?"

यावर त्या मानकात काही उत्तर नाही.

तरी मी हिशेब मांडला, कारण इथे सेलचा आकडा खरंच कामाला येतो. चांगला 18650 सेल म्हणजे 3.6 व्होल्ट आणि तीन-साडेतीन अँपिअर-तास, म्हणजे अकरा-बारा वॅट-तासांची शिदोरी. बॅटरी हजार ल्यूमेनवर जाळली तर दहाएक वॅट खाते, आणि शिदोरी तासाभरात फस्त होते. एवढा उजेड तर तासभरही टिकत नाही, कारण त्यात बॅटरी तापते आणि हात पोळू नये म्हणून काही मिनिटांतच स्वतःहून मंद होते. शंभर ल्यूमेनवर ठेवली तर तोच सेल आठ-दहा तास चालतो. रात्रीची पाळी आठ तासांची. म्हणजे डब्यावर जो आकडा मोठ्या लाल अक्षरांत छापलेला असतो तो दुकानात दाखवायचा, आणि जो बारीक अक्षरांत असतो त्यावर ऊस भिजवायचा. शिवाय साप काही दोनशे मीटरवर नसतो, पायाशी असतो. त्याच्यासाठी बारीक झोत उपयोगाचा नाही, पसरट उजेड लागतो. मेहुण्याला हे सगळं पटलं. "बरोबर हाय," तो म्हणाला, "पण लांब मारायला पायजे."

लांब मारण्याचा हा सोस मला वेळ अमावस्येला कळला. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडे सगळं गाव शेतात असतं. भज्जी, आंबील आणि दुपारची झोप झाली की संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून शेतातून फिरवतात. तो जाळ चार शिवारं पलीकडून दिसतो. ज्याच्या आज्याने असला उजेड हातात धरलाय, त्याला खिशात मावणाऱ्या बॅटरीचं कौतुक कसं वाटणार?

याच अमावस्येच्या सुमारास तिकडे लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते. खंडोबाचं दर्शन घेऊन मी जनावरांच्या बाजारात शिरलो. घोडा घेणारा माणूस घोड्याचा जबडा उघडून दात मोजतो, टाप उचलून बघतो, चार पावलं पळवून बघतो. तिथून जवळच एक जण सतरंजीवर बॅटऱ्या आणि सुटे सेल मांडून बसला होता. त्याच्याकडच्या 18650 वर लिहिलं होतं 9,900 एमएएच. चांगल्या कंपनीचा सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. याने तिप्पट मजल मारली होती, आणि तीही चांगल्या सेलच्या पाव किमतीत. गर्दी त्याच्याकडे होती, आणि एकालाही दात मोजावेसे वाटत नव्हते.

पण सेललाही दात असतात. ते म्हणजे वजन. खरा 18650 सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो. बनावट सेल बऱ्याचदा हलके निघतात. काही वेळा तर आत छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भलतंच काही भरलेलं असतं. मी एक विकत घेतला आणि नांदेडला सराफ्यात ओळखीच्या दुकानात वजन करायला नेला. त्यांनी काट्यावर ठेवला, चष्मा वर केला आणि सवयीने विचारलं, "मोडायचाय का?" एकोणतीस ग्रॅम भरला. सोन्यात एवढी तूट आली असती तर पोलीस आले असते.

शेवटी ऑनलाइन मागवायचं ठरलं, आणि तिथे नवं शास्त्र सुरू झालं. बॅटरी आली, धातूची, सुबक, मुठीत मावणारी. लॅपटॉपचा सेल घातला. शिरला, झाकण लागलं, उजेड नाही. कारण लॅपटॉपचे सेल सपाट डोक्याचे. या बॅटरीत सेल उलटा घातला तर काही जळू नये म्हणून आतल्या टोकाभोवती प्लास्टिकचं कडं होतं, आणि सपाट डोकं त्या कड्यावरच अडत होतं. तिला टोपीवाला सेल हवा. टोपीवाला मागवला. तो सुरक्षा सर्किटवाला निघाला. सेल फार उतरू नये, फार भरू नये, शॉर्ट होऊ नये म्हणून बुडाशी बारीक सर्किट असतं. चांगली गोष्ट. पण त्या सर्किटची आणि टोपीची जागा धरून 65 चा सेल जवळजवळ 69 मिलिमीटरचा होतो, आणि त्याच्यावर 18650 च छापलेलं असतं. झाकण दोन आटे अलीकडेच थांबलं. आकड्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मी वर जे लिहिलं आहे, ते सर्किट नसलेल्या सेलपुरतंच समजावं. माहितीपत्रकात आणखी एक वाक्य होतं, 45 अंशांच्या वर तापमान असताना चार्ज करू नये. हे नांदेडच्या मे महिन्याला कोण सांगणार?

गल्लीत यावर उपाय सांगणारे पुष्कळ. सपाट डोक्यावर लोहचुंबकाची टिकली बसव, शिसं लावून टोपी कर, चॉकलेटची चांदी घाल. यातलं काहीही करू नका. टिकली सरकली की सेल शॉर्ट होतो, आणि बंद धातूच्या नळीत पेटलेला लिथियम सेल हातात धरायची वस्तू नाही. पेन्सिल सेलच्याच मापाचा 14500 नावाचा लिथियम सेल मिळतो, त्याचीही एक खोड सांगून ठेवतो. दिसायला तो पेन्सिल सेलचा जुळा भाऊ, पण पेन्सिल सेल दीड व्होल्टचा आणि हा भरल्यावर 4.2 व्होल्टचा. आमच्या एका नातेवाइकांनी तो भिंतीवरच्या घड्याळात घातला. घड्याळ काही काळ मोठ्या उत्साहात चाललं, आणि त्यानंतर त्यांच्याकडे कायम सव्वाचार वाजलेले असतात. मंडळी चहाला बोलावतात तेव्हा सोयीचं पडतं.

इतक्या हिंडण्यातून माझं मत झालं आहे ते असं. घरात, प्रवासात, रात्री उठायला म्हणून खिशातली बॅटरी घ्यायची असेल तर 14500 आणि साधा पेन्सिल सेल दोन्ही चालतात असं कंपनीने स्वच्छ लिहिलेली घ्या. लिहिलं नसेल तर चालत नाही असंच समजा. चार्जिंग संपलं, लाइट गेली, चार्जर मुलगा पुण्याला घेऊन गेला, तरी किनवटपासून निलंग्यापर्यंत कुठल्याही किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतो आणि बॅटरी लागते. उजेड कमी पडेल, पण पडेल. शेतावर रात्र काढायची असेल तर 18650 ला तोड नाही. मात्र सेल बाहेर काढता येणारी, मोबाईलच्याच चार्जरने चार्ज होणारी आणि मंद उजेडाचं वेगळं बटण असलेली बॅटरी घ्या. मेहुण्याला मी तशीच दिली. तो ती सतत पूर्ण झोतावर वापरतो आणि तासाभराने मला फोन करतो.

दुकानात जाताना आपला सेल बरोबर न्या, पण किल्ल्या आणि चिल्लर असलेल्या खिशात सुटा टाकू नका, प्लास्टिकच्या डबीत न्या. आणि जमलं तर दिवस मावळल्यावर जा. आपण सगळे जण बॅटरी भर दुपारी घेतो. बाहेर ऊन रणरणत असतं, दुकानात दोन ट्यूबलाइट चालू असतात, आणि गिऱ्हाईक काउंटरखाली डोकं घालून ओंजळीत उजेड पडतो का बघत असतं. नांदेड-लातूरच्या दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. कापडाच्या दुकानात कपडे घालून बघायला खोली असते. तुम्ही काउंटरवर मिलिमीटरच्या खुणा असलेली एक फूटपट्टी ठेवा, आणि मागे तीन बाय तीनची एक अंधारी खोली करा. तिला लाइट बसवायचा खर्चही नाही.